एका प्रिंटवर चार थिएटरं

दुबाशशेटने थिएटरांना पोरींची नावं दिली.
गिरगावात शिरीन, लालबागला पेरीन,
दादरला गुलनार, शीवला तेहमी.
ती तेहमी तेव्हा पाळण्यात होती,
मुहूर्ताचा नारळ फुटला तशी भोकाड पसरून रडली म्हणतात.

प्रिंट मात्र एकच.
प्रिंटला पैसे पडतात, सायकलला हवा पुरते,
हा शेटचा हिशोब.

आम्ही तिघं सायकलवाले.
माझा टप्पा लालबाग ते दादर.
शिरीनचा खेळ तीनला, पेरीनचा तीन चाळीसला,
मग गुलनार, मग तेहमी,
म्हणजे नायिकेचा बाप
एका दुपारी चारदा मरायचा,
आणि दोन मरणांच्या मधल्या वेळात
माझ्या कॅरिअरवर सुतळीने बांधलेला असायचा,
परळच्या नाक्यावर
हवालदाराचा हात खाली यायची वाट बघत.

लालबागचे लोक डोळे पुसत बाहेर पडत
तेव्हा दादरचे अजून हसत असत.
मला दोन्ही ठाऊक.
पिक्चर सलग एकही पाहिला नाही,
उचलले मात्र सगळे.
गाण्याचा डबा हलका लागतो, मी म्हणायचो.
गुलनारचा ऑपरेटर लियाकत परकार
कार्बनच्या कांड्या जुळवता जुळवता म्हणायचा,
"बाबल, फिल्लम वजनात सारखीच असते रे.
तुझेच पाय फितूर."

एकदा खोदादाद सर्कलला चाक रुळात अडकलं.
ट्राम बंद झालेली, रूळ तेवढे राहिलेले.
डबा उघडला, आणि आठवं रीळ
फुटपाथपर्यंत धावत गेलं.
लोकांनी गोळा करून दिलं, खरं सांगतो, एक तुकडाही पळवला नाही.
एक मास्तर तेवढे छत्री काखेत मारून
उन्हावर पट्टी धरून बराच वेळ बघत राहिले.
अकरा मिनिटं गुलनारचा पडदा पांढरा,
सात खुर्च्यांचे हात मोडले.
लियाकतने खरचटलेलं चार फूट कापून टाकलं.
त्यानंतर अठरा आठवडे
ती कडीला हात घाली,
आणि लगेच तिच्या हातात चहाचा कप असे.
दार कोणी उघडलं, कोणी विचारलं नाही.

त्याच वर्षी शेटने मुलुंडला प्लॉट घेतला.
पाचवी मुलगी नव्हती,
म्हणून पेंटरकडून पाटीवर नुसतं 'टॉकीज' लिहून घेतलं,
आधीची जागा सोडून.
ती जागा तशीच गंजली.

पेरीन पहिल्या पाळीवर जगायची.
तीनला भोंगा, चाळीस मिनिटांत आंघोळ, मग पिक्चर.
संपात भोंगाच गेला.
स्टॉलमध्ये चौदा माणसं, त्यांतली पाच झोपलेली.
पुढे कोपऱ्याकोपऱ्यावर व्हिडिओ आला, पाच रुपयांत तीन पिक्चर,
मग असले पोस्टर लागले
की बुकिंगवरच्या तोरसकरबाई
तिकीट फाडताना भिंतीकडे बघायच्या.
शेट गेले. चौघी बहिणी
कोर्टात वेगवेगळ्या बाकांवर बसल्या.
शिरीनमध्ये बँक आली,
तेहमी नुसतीच पाडली.

शेवटी गुलनारच्या छपरावर थाळी बसवली.
पिक्चर आभाळातून यायला लागला,
सगळ्या गावात एका वेळी.
नायिकेचा बाप एकदाच मरायला लागला.
मला मॅनेजरने सायकल ठेवून घे म्हणून सांगितलं,
वर शाल दिली. उन्हाळ्यात.

गुलनारच्या जागी आता काच आहे,
चौथ्या मजल्यावर पाच पडदे.
नातीने नेलं. खुर्ची मागे रेलते,
मला तिच्यात नीट बसता येईना.
इंटरव्हलच्या जरा आधी
पाय आपसूक उठले,
मी दाराशी जाऊन उभा राहिलो,
हात पुढे.

गणवेशातला पोरगा म्हणाला, "काय हवंय, आजोबा?"
"डबा," मी म्हणालो. "आठवा."
त्याने बोट दाखवलं,
"पॉपकॉर्न तिकडे. लाइन लावा."

मी लावली.